सिस्टर, एक विचारू का?

मागच्या अंकात गोळ्यांच्या डब्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रं आली ती निम्मी सलाईनची. आमच्या सिंधुदुर्गात सलाईनला फारसं कोणी सलाईन म्हणत नाही, ‘बाटली’ म्हणतात, आणि ‘बाटली लावली’ असा फोन आला की मुंबईतलं सगळं घर निर्धास्त होतं. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत त्या बाटल्या लावल्या, काढल्या, रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांचे थेंब मोजले. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे. पण मी डॉक्टर नाही. तुमच्या माणसाला कोणतं औषध आणि किती, हे त्याला तपासणाराच सांगेल. औषध हातात आल्यावर पुढे काय, तेवढं मी सांगते.

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. महिन्यातून एकदा ‘पिवळी बाटली’ लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बाजाराच्या दिवशी जाऊन लावून येतात आणि मग दोन दिवस घरभर फिरतात. त्यात असतं तरी काय? आणि ते सारखं लावलेलं चालतं का?
(एक सून, कुडाळ तालुका)

ताई, तुमच्या सासूबाई मला ओळखीच्या वाटतात. प्रत्येक वॉर्डात त्या मला भेटल्या आहेत. ‘बाय गो, माका एक बाटली लाव, हात-पाय गळान गेले,’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझी एक ओपीडी गेली नसेल.

साधी सलाईनची बाटली म्हणजे पाणी आणि मीठ. ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच. ग्लुकोजची बाटली असेल, ५ टक्क्यांची, तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. पाच-सहा चमचे. त्यातून मिळणारी ऊर्जा जेमतेम शंभर कॅलरी. मूठभर उकड्या तांदळाची पेज त्याहून जास्त देते आणि पोटही भरतं. पिवळा रंग बी-जीवनसत्त्वांचा. म्हणून दुसऱ्या दिवशी लघवी हळदीसारखी होते, आणि सासूबाईंना वाटतं औषध अंगभर फिरलं. खरं तर जास्तीचं होतं ते बाहेर पडलं.

मग बरं का वाटतं? एक तर तासभर पंख्याखाली आडवं पडायला मिळतं. घरात हे सुख त्यांना कधी मिळतं, ते तुम्हीच सांगा. दुसरं, म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते. चैत्र-वैशाखात दिवसभरात दोन भांडी पाणीही पोटात गेलेलं नसतं, त्यामुळे अर्धा लिटर पाणी शिरेतून गेलं की तरतरी येणारच. तिसरं मला आवडत नाही, पण सांगते. कधी कधी बाटलीत आणखी काहीतरी सोडलेलं असतं, वेदनाशामक किंवा स्टिरॉइड. त्याने दोन दिवस माणूस नाचतो. दर महिन्याला असं होत राहिलं तर साखर आणि रक्तदाब बिघडतो. म्हणून पुढच्या वेळी सोबत जा आणि विचारा, ‘बाटलीत काय घातलंत? कागदावर लिहून द्या.’ आपण पैसे मोजतो, तेव्हा नाव विचारण्यात लाजायचं कारण नाही. लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडून बाटली लावून घेऊ नका.

धोका कुणाला? हृदय कमजोर असेल, किडनी अधू असेल किंवा पायांवर सूज येत असेल, तर हे पाणी भरभर गेलं की फुप्फुसांत साठतं. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो, दोन उशा लागतात. तोंडाने प्यायलेलं पाणी पोट थोडं थोडं आत सोडतं, नको असेल तर उलटीही करतं. शिरेला तशी सोय नाही. तिथे दारावर कोणी उभं नसतं, जे सोडाल ते थेट हृदयात पोचतं.

शिरेतून मीठपाणी द्यायची कल्पना कॉलऱ्यातून आली. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरने कॉलऱ्याने जवळजवळ गेलेल्या एका म्हातारीच्या शिरेत खारं पाणी सोडलं. खोल गेलेले डोळे उजळले, आवाज परत आला. लाटा निश्चिंत होऊन घरी गेला, तिचे जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती गेली. पुन्हा पाणी कुणी सोडलंच नाही. बाटली म्हणजे वाहून गेलेल्या पाण्याची भरपाई, हे तेव्हापासूनचं आहे. काही वाहूनच गेलेलं नसेल तर भरायचं काय?

आणि वाहून गेलं असलं तरी तोंड चालू असेल तर तोंडच बरं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या पाण्यात कालवून पाजायला लावल्या, तेही नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आशाताई जे ओआरएसचं पाकीट देते, ते त्याच घराण्यातलं. मात्र अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं आणि २४ तासांत संपवायचं. चिमूटभर पेल्यात, चिमूटभर परत डब्यात, असं करू नका.

सासूबाईंचं हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. अशक्तपणाचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. आणि दुपारी तासभर त्यांना पंख्याखाली पडू द्या. हे औषध फुकटचं आहे.

वडिलांना पाच दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. रात्री मीच सोबत. नळीत बुडबुडे दिसले की छातीत धस्स व्हायचं. एकदा नळीत रक्त चढलं. एकदा हात सुजला. सिस्टरना किती वेळा उठवायचं? मी नळीवरच्या चाकावरून थेंब थोडे वाढवले, बाटली लवकर संपावी म्हणून. त्यावरून ओरडा खाल्ला. चुकलं का?
(चाकरमानी, डोंबिवली. मूळ गाव कणकवली तालुका)

चुकलं. चाकाला हात लावायचा नाही, हे आधी सांगून मोकळी होते.

आता थेंबांचा हिशोब. तो कळला की चाक का फिरवायचं नाही, तेही कळेल. सेटच्या, म्हणजे बाटलीला जोडायच्या नळीच्या, पाकिटावर लिहिलेलं असतं, किती थेंबांचा एक मिलिलिटर. आपल्याकडे साध्या सेटला बहुधा २०, आणि लहान मुलांच्या बारीक सेटला, मायक्रोला, ६०. डॉक्टरने लिहिलं, ‘५०० मिलि आठ तासांत.’ पाचशेला वीसने गुणायचं, दहा हजार थेंब. आठ तासांची ४८० मिनिटं. भागाकार आला २१. म्हणजे मिनिटाला २१ थेंब, घड्याळ हातात धरून. चार तासांत द्यायची असेल तर ४२. मायक्रो सेटचं आणखी सोपं: तासाला जितके मिलि, मिनिटाला तितकेच थेंब.

तुम्ही चाक जरा फिरवलंत आणि २१ चे ६० झाले, तर आठ तासांची बाटली पावणेतीन तासांत संपते. तरण्या माणसाला लघवीला दोनदा जास्त जावं लागेल, इतकंच. तुमच्या वडिलांना हृदयाचा त्रास असेल तर मी वर लिहिलेला दम लागेल. आणि त्या बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल, तर पुढचं मी लिहीतच नाही.

थेंब आपोआपही बदलतात. हात कोपरात वाकवला की थांबतात. पलंग खालीवर केला, नळी कुशीखाली सापडली, रुग्ण उठून बसला, की वेग बदलतो. म्हणून दर तासाला एक मिनिट थेंब मोजायचे आणि आकडा बदलला असेल तर सिस्टरला सांगायचं. हे काम तुमचं. बदलणं तिचं.

बुडबुडे. नळीत मोहरीएवढे दोन-चार बुडबुडे दिसले तर घाबरू नका, ते रक्तात विरघळून जातात. नळीचा लांब तुकडाच रिकामा दिसला, किंवा बाटली संपून थेंबांची कुपी कोरडी पडली, तर मात्र लगेच हाक मारा. आणि हो, बाटली संपली की हवा सुसाट शरीरात शिरते आणि माणूस मरतो, हे सिनेमातलं आहे. बहुतेकदा उलटंच होतं. बाटलीतला दाब संपतो, शिरेतला दाब वरचढ होतो आणि रक्त नळीत चढतं. तुमच्या वडिलांचं तेच झालं असणार. किंवा संडासला जाताना बाटली कमरेजवळ धरली असेल. बाटली नेहमी छातीच्या बरीच वर, हातभर तरी. रक्त चढून नळीत गोठलं तर नळी दाबून ते आत ढकलायला जाऊ नका. ती गाठ आत जाते.

हात सुजला, त्याचे दोन प्रकार. सूज थंड, मऊ, फुगलेली आणि थेंब मंद झालेले असतील, तर पाणी शिरेबाहेर मांसात जातंय. बाटली बंद करून ती सुई काढायलाच हवी. दुसरा प्रकार: सुईच्या वरची शीर लाल, गरम आणि दोरीसारखी टणक झाली, हात लावला की ठणकते. ती शिरेची जळजळ. त्यालाही सुई बदलणं हेच पहिलं औषध. यासाठी सिस्टरला रात्री तीन वाजता उठवा. ती वैतागेल, पण येईल. आम्हीही वैतागायचो.

ता. क. आत सुई राहत नाही. सुई टोचून काढून घेतात, आत राहते ती प्लॅस्टिकची मऊ नळी. तिच्या टोपणाचा रंग म्हणजे तिची जाडी. हिरवी जाड, गुलाबी मधली, निळी बारीक, पिवळी पोरांची. गंमत अशी की नंबर वाढला की नळी बारीक होते. १८ नंबरची हिरवी, २४ ची पिवळी. ‘बाबांना बारीकच लावा हो,’ असं सांगणारे नातेवाईक रोज भेटायचे. अपघात, बाळंतपण किंवा साप असेल तर ऐकू नये. तिथे हिरवीच हवी, नाहीतर रक्त चढवायला रात्र पुरत नाही.

आईला रोज इन्सुलिन मी देतो, २० युनिट. मागच्या महिन्यात लाल टोपणाच्या सिरिंज मिळाल्या नाहीत, दुकानदाराने नारिंगी टोपणाच्या दिल्या. खूण २० चीच धरतो. तरी साखर सारखी वाढतेय. इन्सुलिन खराब झालं का? पावसात इकडे वीज तीन-तीन दिवस नसते.
(आचऱ्याजवळून एक मुलगा)

बाबा, वीज निर्दोष आहे. सिरिंज बदलली तिथे घोळ झाला. पत्र वाचून मी चहा बाजूला ठेवला आणि संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन फोन केला, ते तुम्हाला आठवत असेलच. इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलिमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलंत, तर आत गेलं फक्त ०.२ मिलि, म्हणजे ८ युनिट. वीसच्या जागी आठ. साखर वाढणार नाही तर काय! आणि याच्या उलट झालं, १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत, तर वीसच्या जागी पन्नास युनिट जातात. त्यात माणूस झोपेतच जाऊ शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. जुळत नसेल तर दुकानदाराला परत द्या. ‘सुई तीच आहे’ हे त्याचं म्हणणं खरं आहे. खुणा वेगळ्या आहेत.

विजेचं म्हणाल, तर न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, दारात किंवा मधल्या फळीवर ठेवा. बर्फाजवळ नको, गोठलेलं इन्सुलिन फुकट गेलं. उघडलेली बाटली घरातल्या गार, अंधाऱ्या जागी साधारण चार आठवडे टिकते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा शेजारच्या तीन घरांचं इन्सुलिन माझ्या माजघरात होतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटल्या, वर ओलं फडकं. वाळू वाळू द्यायची नाही, एवढंच काम. बाटली हातात घेतल्यावर गार लागली पाहिजे.

एक गोष्ट चतुर्थी जवळ आली म्हणून सांगते. सकाळचं इन्सुलिन टोचायचं आणि मग आरत्या, बारा घरचं भजन, नैवेद्य, दुपारचे तीन, असं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतं. मग घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. भूत लागलं म्हणून नारळ फिरवणारेही मी पाहिले आहेत. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि लगेच जेवायला वाढा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. गणपती रागावत नाही. आजीला आधी वाढा.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ला यांनी फुलस्केप कागदावर एकोणीस प्रश्न पाठवले आहेत, समासासकट. सगळ्यांना जागा नाही. मास्तर, माफी असावी.

चिठ्ठीवरच्या अक्षरांचा अर्थ: बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. तीनदा, एच.एस. झोपताना, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. तुम्ही एस.ओ.एस. ची गोळी महिनाभर नेमाने घेतलीत, ती बंद करायची की नाही हे डॉक्टरला विचारा. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अर्धी वाया जाते, लिंबूपाण्याबरोबर घ्या. नावापुढे एस.आर. किंवा एक्स.आर. असलेली गोळी कुटायची नाही. ती दिवसभर हळूहळू सुटायला बांधलेली असते, कुटली की सगळी एकदम सुटते. छातीत दुखल्यावरची गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. तिथून ती थेट रक्तात जाते, पोटातून गेली तर वेळ लागतो आणि यकृत तिचा बराच भाग खाऊन टाकतं. लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापासाठी (लेप्टोस्पायरोसिस) जी डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, देतात, ती पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला व्रण पडतो. तुमच्या भाच्याला घास गिळताना दुखतंय, ते बहुधा यामुळेच. त्याला दाखवून आणा.

नातवाचं तापाचं औषध घरातल्या चमच्याने देऊ नका. एका घरातले चार चमचे घेऊन मी मोजले होते, साडेतीनपासून सात मिलिपर्यंत भरले. बाटलीबरोबर येते ती टोपी वापरा. आणि पॅरासिटामॉलच्या बाटल्या सारख्या दिसल्या तरी कुणात पाच मिलिला १२० मिग्रॅ असतं, कुणात २५०. मागच्या वेळी पाच मिलि दिलं होतं म्हणून आताही पाच, असं नको.

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. ‘पाच बरोबर’ तोंडपाठ आहेत: बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पण वॉर्डात ट्रॉली घेऊन उभी राहिले की हात कापतात. तुमच्याकडून कधी चूक झाली का?
(एक विद्यार्थिनी, सावंतवाडी)

पोरी, हात कापतात ते चांगलं आहे. मला भीती वाटायची ती ज्यांचे कापत नाहीत त्यांची.

हो, झाली. अगदी होता होता राहिली म्हण. नोकरीचं तिसरं वर्ष, बायकांचा वॉर्ड, रात्रपाळी, मी एकटी आणि पेशंट अठ्ठावीस. आपल्याकडची वाडी तुला माहीत आहे, अख्ख्या वाडीचं आडनाव एक आणि देवीवरून ठेवलेली नावंही तीच तीन-चार. सहा आणि नऊ नंबरच्या खाटांवर दोन म्हाताऱ्या, नाव एक, आडनाव एक, वाडीही एक. नऊ नंबरला साखरेची गोळी होती. सहा नंबरला साखर नव्हतीच. मी सहासमोर उभी राहून नाव घेतलं, ‘तुम्हीच ना?’ आजी म्हणाली, ‘व्हय.’ गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती कंदिलासमोर धरल्यासारखी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, ‘बाय, नाव माझांच, पण ही गोळी माझी न्हय. माझी ल्हान आसता.’

त्या गोळीने पहाटेपर्यंत तिची साखर खाली गेली असती आणि सकाळी आम्ही ‘झोपेत गेली’ असं लिहिलं असतं. दुसऱ्या दिवशी मेट्रनला जाऊन मीच सांगितलं. शिक्षा झाली नाही. तेव्हापासून मी कधी ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारलं नाही. कानाने अधू म्हातारी कशालाही व्हय म्हणते. ‘नाव काय तुमचं? घोव काय करता? वाडी खंयची?’ असं विचारायचं, तिच्या तोंडून नाव येऊ द्यायचं, मग केसपेपरचा नंबर. आणि पेशंट म्हणाला, ‘आज गोळी वेगळी दिसते,’ तर ‘कंपनी बदलली असेल, घ्या’ असं कधी म्हणायचं नाही. परत कागदाकडे जायचं. त्या आजीने मला वाचवलं. ती पुढे पाच-सहा वर्षं दर तपासणीला यायची तेव्हा माझ्यासाठी फणसाची साठं आणायची. तिला शेवटपर्यंत कळलं नाही की तिने काय केलं.

तुझे ‘पाच बरोबर’ बरोबरच आहेत. मी त्यात सहावा घालते: लिहिणं, तेही दिल्यानंतर. आधी सही करून मग गोळ्या वाटत फिरायचं ही वाईट खोड सगळीकडे आहे. मधेच बाळंतीण आली, तू धावलीस, आणि कागद सांगतो दिलं. नाव तीनदा वाच: कपाटातून काढताना, भरताना, उरलेलं ठेवताना. तू स्वतः भरलेलं नाहीस ते टोचायचं नाही, मग सिरिंज कुणीही हातात देवो. फोनवर डॉक्टरने सांगितलं तर तेच परत म्हणून दाखव. आकडे लिहिताना ५ लिहायचं असेल तर ५ च लिही, ५.० लिहिलंस की टिंब पुसट होऊन पन्नास होतं. आणि अर्धा म्हणजे ०.५, आधी शून्य हवंच.

‘बरोबर मार्ग’ हा त्यातला सगळ्यात दुर्लक्षित. तोंड, कातडी, कातडीखालचा थर, स्नायू, शीर. लोक समजतात ही पायऱ्यांची पाखाडी आहे आणि शीर सगळ्यात वरची पायरी, जास्त पैशांची. तसं नाही गं. प्रत्येक औषधाची आपली वाट ठरलेली असते. बीसीजी कातडीतच, इन्सुलिन घरी देताना कातडीखालीच, धनुर्वाताचं स्नायूतच. आणि पोटॅशियम क्लोराइड! दहा मिलिची ती कुपी डिस्टिल्ड वॉटरच्या कुपीसारखीच दिसते. बाटलीत घालून, नीट हलवून, हळूहळू दिली तर औषध. तशीच सिरिंजमध्ये भरून शिरेत दिली तर हृदय जागच्या जागी थांबतं. मी जिथे जिथे इन्चार्ज होते तिथे त्या कुप्या वेगळ्या कपाटात, कुलपात, लाल चिठ्ठी लावून. नवीन मुली हसायच्या. हसू देत.

मुलाला, वय ८, सड्यावर फुरसं चावलं. वाचला, देवाची कृपा. पण सापाचं इंजेक्शन जखमेवर न देता बाटलीतून दिलं, आणि मोठ्या माणसाएवढं दिलं. एवढ्याशा पोराला इतकं कसं?
(देवगड तालुका)

देवाची आणि वेळेत गाडी काढलीत तुमची. विष तोवर जखमेत उरलेलं नसतं, रक्तात फिरत असतं, म्हणून औषधही रक्तातच सोडावं लागतं. ते घोड्याच्या रक्तापासून केलेलं असतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. कुपीत कोरडी भुकटी असते, दहा मिलि डिस्टिल्ड वॉटर घालून हळूच फिरवत विरघळवतात. खळाखळा हलवलं की फेस होतो. मग अशा बऱ्याच कुप्या सलाईनमध्ये घालून साधारण तासाभरात देतात, अ‍ॅड्रिनॅलिनची सिरिंज बाजूला तयार ठेवून. कारण घोड्याचा अंश काहींना सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, दम लागतो.

मुलाचं वजन इथे मोजत नाहीत. मुलांची बाकी बहुतेक औषधं वजनावर, पण फुरसं चावताना समोर मूल आहे की मोठा माणूस हे बघत नाही, विष तितकंच ओततं. औषध विषाला पुरायला हवं, म्हणून मात्रा तीच. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं होतं ना? फुरश्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, ते बघायची ती साधी तपासणी. नळी हलवायची नसते. आमच्या वॉर्डात ‘कोणी हात लावू नये’ अशी पाटीच होती.

दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणि नळ्या मिळाल्या तर हापूसच्या नवीन कलमांना थेंब थेंब पाणी देता येईल का? इंटरनेटवर पाहिलं.
(बागायतदार, देवगड)

मिळणार नाहीत, आणि कोणी देऊ केल्या तर घेऊ नका. वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या हा लाल पिशवीतला कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे त्या कापून-छाटून वेगळ्या पाठवायच्या असतात. कुणाच्या अंगातलं काय त्या नळीत आहे, कुणास ठाऊक. तुमचा गडी ती नळी तोंडाने ओढून पाणी चालू करणार, हे मला इथे बसून दिसतंय.

कलमाच्या मुळाशी मडकं पुरा. तळाला बारीक भोक, भोकात सुती चिंधीची वात, वर झाकण. वात घट्ट बसवली की थेंब मंद, सैल केली की भरभर. पुरण्याआधी मडकं हातात उचलून धरा आणि मिनिटाला किती पडतात ते मोजा. हिशोब वर दिलाच आहे.